पूजेत मांडलेला पाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — देवापुढे तर मुळीच नाही, आणि ते का, हे पुढे कळेलच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढ्यासाठीच. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडायची छाती असती, तर हे केव्हाच सांगून झालं असतं.

शिरूरला, नगर रोडच्या कडेला माझं लेथचं दुकान आहे. आधी मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत टर्नर होतो. शिफ्टचा आणि वासाचा कंटाळा आला, तेव्हा गावी येऊन स्वतःचं दुकान टाकलं. लोक मिस्तरी म्हणतात. काम नेटकं करतो, शब्दाला जागतो, सणवार पाळतो, असं माझं नाव आहे. हे नाव ऐकलं की हल्ली मला मान खाली घालावीशी वाटते. पण घालत नाही — सवयीने ताठच राहते ती.

सोपानबद्दल सांगायला हवं. तो धनगराचा. त्याच्या वडिलांनी मेंढरांमागे निम्मा महाराष्ट्र पायी तुडवला आणि म्हातारपणी न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या अलीकडे वस्ती करून शेती धरली. शेवटची मेंढरं विकून त्यांनी पोराला जुनी जीप घेऊन दिली. त्या काळात आमच्याकडे एसटी कमी आणि जीपा जास्त. सोपान शिरूर-न्हावरे अशी माणसं वाहायचा आणि बाजाराच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला जायचा. माझ्याहून लहान. अगदी सरळ माणूस. इतका सरळ, की मला कधीकधी त्याचा राग यायचा. सरळ माणसांचा राग येतो, हे तुम्हालाही माहीत असेल — की हे फक्त माझंच?

एका पावसाळ्यात त्याच्या जीपचा मागचा एक्सल तुटला. नवा परवडणारा नव्हता, म्हणून त्याने पुण्याच्या भंगार बाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या जीपचा आणून बसवला. तो निघाला आखूड. मागची दोन्ही चाकं पुढच्या चाकांपेक्षा दोन-दोन बोटं आत आली. डांबरी रस्त्यावर ते फारसं जाणवत नव्हतं. पण सोपानच्या वस्तीला जायची वाट काळ्या रानातली. तिथे बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या. पुढची चाकं चाकोरीत चालायची आणि मागची तिच्या काठावर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. गाडी सगळी वाट ढुंगण हलवत जायची. आम्ही सगळे त्याची चेष्टा करायचो. त्याची बायको हिरा मात्र चेष्टेवर जायची नाही. तिला त्याच गाडीतून पिण्याच्या पाण्याचे हंडे वस्तीवर न्यावे लागत, आणि घरी पोचेपर्यंत हंडा अर्धा व्हायचा.

शेवटी सोपान माझ्याकडे आला. मी म्हटलं, सोपं आहे. मागच्या दोन्ही चाकांना आतून जाड लोखंडी चकत्या घालू. ब्रेकचा ड्रम आणि चाक यांच्यामध्ये चकती बसली की चाक तेवढं बाहेर येतं. हिला स्पेसर म्हणतात. मी लेथवर चकत्या काढल्या, भोकं पाडली. चकतीच्या जाडीमुळे जुने बोल्ट पुरेनात, म्हणून लांब बोल्ट बसवले. ते एका ट्रॉलीच्या कामातून उरलेले होते. त्यांचे नट मोठे. सोपानच्या गाडीतला पाना त्यांना लागेना. माझ्याकडे एक मोठा पाना होता, तो लागायचा.

इथे तुम्हाला वाटेल, कबुली या बोल्टांची आहे. नाही. बोल्ट चांगले होते. चकत्याही चांगल्या होत्या — आजही तशाच काढीन. मी सोपानला नीट बजावलंही होतं. चकती नवी आहे, भार पडला की ती दबून बसते आणि नट सैल होतात. दिवसभर गाडी चालव, माणसं भर, आणि मग माझ्याकडे ये, मी पुन्हा आवळून देतो. दुसरीकडे जाऊ नकोस, हा पाना माझ्याकडेच आहे. हे सगळं मी बोललो होतो. माझ्या तोंडून निघालेलं ते शेवटचं खरं वाक्य असावं.

तो नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस होता. सोपान दिवसभर माणसं भरून फिरला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्या धंद्यात खंडेनवमीला फार मान. सकाळी दुकान धुऊन काढायचं, लेथला तेलपाणी करायचं, पाटावर नवं कापड अंथरून त्यावर सगळी हत्यारं मांडायची. पाने, हातोडे, कानशी, मापं. हळद-कुंकू, फुलं, नैवेद्य. एकदा पूजा मांडली की दसऱ्याला ती उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनी बसावं. माझे वडील सुतारकाम करायचे. तेही पाळायचे. मी पाळतो, हे सगळ्या शिरूरला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ते ठाऊक असणं मला आवडायचं.

त्या दुपारी घरी माझे मेहुणे आले होते. दुकानामागेच घर. पुरणपोळीचा वास सुटलेला. मी नवा पांढरा झब्बा घातला होता. आतून जेवायला हाक आली आणि तेवढ्यात बाहेर जीप थांबली. सोपान उतरला. त्याच्या हातात ओलं फडकं होतं आणि त्यात झेंडूची फुलं. त्याने त्या साली बांधाला झेंडू लावला होता.

“मिस्तरी, पूजेला फुलं आणली,” तो म्हणाला. “गाडी लई झ्याक चालती बगा. येका चाकोरीत. हिरी म्हनली, हंड्यातलं पानी सांडलं न्हाई.”

मग थोडा घुटमळला. मागून खटखट आवाज येतोय म्हणाला. नट आवळून द्याल का, उद्या सकाळी हिराला घेऊन राहूला जायचंय, सासुरवाडीला सोनं वाटायला.

पाना तिथेच होता. पाटावर, मधोमध. हात लांब केला की लागेल इतका जवळ. मी त्याची फुलं घेतली. दोन फुलं त्या पान्यावरच वाहिली, त्याच्या देखत. आणि म्हणालो, “आज हत्याराला हात लावायचा नाही, सोपान. पूजा मांडलीय. परवा ये. एक-दोन दिवसांनी काय होतंय?”

तो लगेच मानला. “व्हय व्हय, देवाचं हाय,” असं काहीतरी म्हणाला. उलट आपणच नको ते मागितलं म्हणून ओशाळला. पाटाला नमस्कार केला आणि गेला. जाताना गाडीचा तो खटखट आवाज मी ऐकला. कानाने धातू ओळखणारा माणूस मी — आणि मला तो आवाज कळला नाही, असं कसं म्हणू?

आता तुम्ही म्हणाल, देवभोळेपणा. माणसाकडून होतं असं. रीत पाळायला गेला आणि घात झाला. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. हे सांगणं बरं वाटतं, कारण त्यात दोष रीतीचा होतो. पण कबुली अजून इथे नाही. थांबा.

जेवणं झाली. मेहुणे पानसुपारी करत बसले होते. आणि दुकानापुढे एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. एका सोसायटीचे चेअरमन होते — मोठे बागाईतदार, तालुक्यात वजन असलेले. त्यांच्या गाडीचा सायलेन्सर निखळून लोंबत होता. त्यांनी खाली उतरून मागितलंही नाही. काच खाली करून म्हणाले, “मिस्तरी, जरा बघता का? सणाचा दिवस आहे, माहितीय.”

मी बघितलं. मी पाटापुढे गेलो, फुलं बाजूला केली आणि पाने उचलले. पांढऱ्या झब्ब्यासकट गाडीखाली शिरलो. मेहुण्यांपुढे चेअरमन माझ्या दारात आले याचा मला केवढा आनंद झाला होता! त्यांनी विचारलं, पूजेतली हत्यारं उचलली की हो तुम्ही? मी हसून म्हणालो, काम हीच पूजा, साहेब. अगदी हेच शब्द. ते खूश झाले. मग मी पाने पुसले, पुन्हा पाटावर ठेवले, पुन्हा हळद-कुंकू लावलं आणि बाजूला केलेली झेंडूची फुलं होती तशी वर ठेवली. सोपानची फुलं.

म्हणजे देवाला राग येणार नव्हता. हे मला दुपारीही माहीत होतं. सोपानसाठी माझा हात उचलला गेला नाही, एवढंच. त्याच्यासाठी झब्बा मळवावा, जेवण थांबवावं, असं मला वाटलं नाही. देव मी नुसता पुढे केला. तो गरीब, तो ऐकून घेणार, तो पाया पडून जाणार — म्हणून त्याला रीत. आणि चेअरमनना काम हीच पूजा. बघा, किती पटकन लिहून झालं. इतकी वर्षं हे एवढंच घशात अडकलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सोपान आणि हिरा राहूला निघाले. त्यांची लहान मुलगी सुमन तापली होती, म्हणून आजीपाशी वस्तीवर राहिली. भीमेच्या पुलाच्या अलीकडे उतार आहे. तिथे मागचं डावं चाक निघालं. बोल्ट तुटले नव्हते सगळे. नट एकेक करून सुटत गेले होते. गाडी कलंडून कडेच्या खड्ड्यात गेली. हिरा जागच्या जागी गेली. सोपानच्या डोक्याला मार लागला आणि तो पुण्याला ससूनमध्ये बेशुद्ध पडून होता.

आपटलेली गाडी बघायला मी गेलो नाही. हवालदारच दुकानात आला. चकत्या तुम्ही बसवल्या का? हो. नट आवळले होते का? आवळले होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायला ये म्हणून सांगितलंही होतं. मग तो आला होता का?

आला नाही, मी म्हणालो.

किती सहज आलं ते तोंडातून. मी ठरवलंही नव्हतं. दुकान जाईल, नाव जाईल, तुरुंग होईल, असली भीती होती खरी. पण त्या क्षणी भीतीसुद्धा आठवत नाही. नुसतं आला नाही. सोपान शुद्धीवर येऊन खरं काय ते सांगेल आणि मी खोटा ठरेन, याची मी वाट पाहत राहिलो. रोज दुकान उघडताना वाटायचं, आज कळेल. आणि मग बातमी आली की सोपान शुद्धीवर आलाय, पण त्याला अपघाताचं काही आठवत नाही. त्याआधीचा दिवसही नाही. डॉक्टर म्हणाले, ते परत येईलच असं नाही.

मला हायसं वाटलं. हेही लिहायलाच हवं. एका माणसाच्या डोक्यातला दिवस पुसला गेला, आणि मी त्या रात्री शांत झोपलो.

हिराच्या तेराव्यानंतर तिचे वडील राहूहून माझ्याकडे आले. थकलेले, पटका बांधलेले. चहा नको म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं, “मिस्तरी, लेकराची शपथ घालतो. माजा जावई नट आवळाया आला हुता का न्हवता?” त्यांना निर्णय करायचा होता, हे मला नंतर कळलं. लेक नशिबाने गेली असती तर त्यांनी जावयाला पोटाशी धरलं असतं. आळसापायी गेली असेल, तर नात त्याच्या हाती द्यायची नव्हती.

मी नाही म्हणालो. ते उठले. त्याच आठवड्यात त्यांनी सुमनला राहूला नेलं, आणि सोपानला उंबरा बंद केला.

दोन-तीन महिन्यांनी सोपान स्वतः आला. काठी टेकत. डोक्यावर केस अजून नीट उगवले नव्हते. दुकानातल्या बाकावर बसला. मग विचारलं, “मिस्तरी, मी नवमीला आलो हुतो का वं तुमच्याकडं? डोस्क्यात कायच न्हाई राह्यलं. कवाकवा वाटतं, आलो हुतो.”

बघा, त्याला वाटत होतं. आत कुठेतरी धागा शिल्लक होता. मी नुसता गप्प बसलो असतो तरी कदाचित त्याचं त्याला सापडलं असतं. पण मी म्हणालो, “नाही, सोपान. मी वाट बघितली तुझी. पाना बाजूला काढून ठेवला होता.”

हे दुसरं वाक्य का बोललो मी? कोणी विचारलं होतं? पहिलं खोटं भीतीचं होतं असं म्हणता येईल. याला काय म्हणू? मला त्याच्यापुढे चांगलंही दिसायचं होतं. ज्याचं सगळं गेलं होतं, त्याच्याकडून मला उपकारसुद्धा वसूल करायचे होते.

त्याने मान हलवली. “मंग माजीच चूक,” म्हणाला. “तुमी तर वाट बगितली.” आणि माझ्या हाताला हात लावून गेला.

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. वस्तीवर शेती करतो. आई-वडील गेले, आता एकटाच असतो. कधीतरी शिरूरला आला की जीपच्या थांब्यावर उभा राहतो आणि तरण्या ड्रायव्हरांना सांगतो — काम केलं की नट फिरून आवळून घ्या रं, कटाळा करू नका, मी कटाळा केला आन् माजी बायको गेली. पोरं आधी ऐकायची, आता चेष्टा करतात. मी एकदा तिथून जाताना हे ऐकलं. पुढे कधी त्या थांब्यावरून गेलो नाही. मागच्या गल्लीने जातो.

सुमनचं लग्न झालं राहूला. सोपानला बोलावणं नव्हतं. लग्नाच्या दिवशी सकाळीच तो माझ्या दुकानात येऊन बसला. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा. घरी बसवंना म्हणाला. मी चहा सांगितला. मुहूर्ताच्या सुमाराला त्याने खिशातून मूठभर अक्षता काढल्या, राहूच्या दिशेने तोंड केलं आणि माझ्या दुकानाच्या फरशीवर टाकल्या. राहू इथून किती लांब? जीपने गेलो असतो, तरी मांडव उतरायच्या आत पोचलो असतो दोघं. एक वाक्य त्याच्या सासऱ्यांपुढे बोलायचं होतं. मी लेथ चालू केला. काम तुंबलंय म्हणालो. संध्याकाळी बायकोने त्या अक्षता झाडल्या. तिने मला काही विचारलं नाही. तिने त्या नवमीला जीपचा आवाज ओळखला होता की नाही, हे मीही तिला आजवर विचारलेलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, हे लिहून झालं की मी सोपानकडे जाईन. मला नाही वाटत. मी स्वतःला चांगला ओळखतो. सुमनला आता स्वतःचं मूल आहे, असं ऐकतो. आजोबाला त्याने पाहिलेलं नाही. तेही माझ्यामुळे. हे मला माहीत आहे, आणि तरी सकाळी उठून मी दुकानाचं शटर वर करतो, गिऱ्हाइकाशी हसून बोलतो, मिस्तरी म्हणून मान घेतो.

एकच सांगायचं राहिलं.

अपघातानंतरच्या वर्षापासून सोपान दर खंडेनवमीला सकाळी येतो. एकही साल चुकलेलं नाही. ओल्या फडक्यात झेंडू आणतो. पाटापुढे बसतो, आणि तो मोठा पाना शोधून त्याच्यावर स्वतःच्या हाताने फुलं वाहतो, कारण तो पाना त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता, असं त्याला मी सांगितलंय. मग उठताना दरवर्षी तेच म्हणतो, यंदाही म्हणाला.

“त्या साली तेवढी फुलं आणायची ऱ्हायली, मिस्तरी.”

राहिली नव्हती. केशरी होती, मोठी होती, देठं ओली होती. मी माझ्या हाताने घेतली होती.